छत्र्यांखालचे टोमॅटो

९ जुलै

आला! करपा आला.

सकाळी बादली घेऊन वाफ्यात गेले तर खालच्या पानांवर तेलकट डाग. पान उलटून बघितलं. कडेला पांढरी लव. तीन झाडं. बत्तिसांतली तीन. पाच दिवस पावसाची रिपरिप, वर हे उबदार धुकं – त्याला आणखी काय हवं होतं?

तिन्ही मुळासकट उपटली, जाळायला घेतली. ओली असल्यामुळे नुसता धूर. डोळे चुरचुरले. रडले नाही. धूर होता.

हे बी आईचं. बैलकाळीज म्हणायची ती या टोमॅटोला – गुलाबी, मुठीपेक्षा मोठा, कापला की मांसासारखा भरीव. गावात आणखी एकीकडे होतं, पेना म्हातारीकडे. ती गेली, मुलांनी अंगणात फरशी घातली. आणि माझं राखीव बी हिवाळ्यात उंदरांनी फस्त केलं. डब्याच्या तळाशी उरलं तेवढं सगळं यंदा लावून बसले. म्हणजे हे एकोणतीस गेले की संपलं.

जात नाहीत. बघतेच मी.

१० जुलै

बसने सेव्हलिएवोला गेले, जवळच्या शहरात, शेतीच्या औषधांच्या दुकानात. काउंटरवर नवी पोरगी, नखं निळी.

“काकू, सगळी उपटा आणि जाळा. पुढच्या वर्षी माझ्याकडची रोपं न्या. त्यांना करपा लागतच नाही.”

“आणि चव?”

थांबली जरा. “चव... बरी असते.”

त्या थांबण्यातच सगळं आलं! मोरचूद घेतला आणि चालू लागले. चुना घरी आहे.

१२ जुलै

मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारलं. पंपाची गळती माझ्याच पाठीवर. पाठ निळी, केस निळे. त्सोंकाच्या दुकानात पाव आणायला गेले तर ती म्हणते, “वेलिके, तुलापण करपा लागू नये म्हणून का?” मीही हसले. दुपारी सर आली आणि निम्मं धुऊन गेलं. उद्या परत.

१३ जुलै

आज कळलं कुठून आलं ते!

कुंपणापलीकडे मिंचोचे बटाटे. पानं काळी, वेल लोळलेले. बटाट्यावरून टोमॅटोवर, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकरा वर्षांपूर्वी त्याने हद्दीवरचं माझं अक्रोडाचं झाड तोडलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आज बोलले. दुकानासमोर, बाकावर चौघं बसलेली असताना.

“तुझ्या वाफ्यातून आलंय हे, मिंचो! झाड तोडलंस, आता टोमॅटोही मार!”

तो पाव काखेत धरून उभा. टोपी मागेपुढे केली. “वेलिके...” एवढंच म्हणाला.

“काय वेलिके? एकतीस वर्षं या गावात घरोघरी पत्रं वाटली मी. कोण कसा आहे ते मला कुणी सांगायला नको!”

त्सोंका माझ्या बाहीला धरून ओढत होती. मी सोडवून घेतली. घरी आले. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१४ जुलै

मिंचोने बटाटे काढले. सगळे. सकाळपासून एकटा, कमरेत वाकून. गोट्यांएवढे निघाले – अजून दीड महिना हवा होता त्यांना. हिवाळाभर काय खाणार?

मला काय त्याचं! बरं झालं.

१७ जुलै

पान कोरडं राहिलं की करपा पसरत नाही. मग पाऊस पानावर पडूच का द्यायचा?

माळ्यावर प्लॅस्टिकची एक ताडपत्री सापडली, सहा झाडांना पुरली. बाकीच्यांना? टपालखात्याची माझी काळी छत्री काढली, खुंटाला बांधली. मग नवऱ्याची. मग त्सोंकाकडे गेले – बसमध्ये लोक विसरतात, त्या छत्र्या ड्रायव्हर तिच्याकडे टाकून जातो. नऊ मिळाल्या! एक लाल, एकीवर मांजरं.

संध्याकाळपर्यंत अकरा छत्र्या. कुंपणाशी माणसं जमली.

“वेलिकाकाकू, सर्कस कधी सुरू होणार?”

“तिकीट काढलंस की!” म्हटलं.

१८ जुलै

सकाळी फाटकाला सात छत्र्या टांगलेल्या. कुणाच्या, माहीत नाही. एकीच्या दोन काड्या मोडलेल्या, वायरने नीट जोडलेल्या.

रोज दोनदा एकेक पान उलटून बघते. डाग दिसला की कात्री. कात्री राकियात, घरच्या दारूत, बुडवायची, मग पुढचं पान. नवऱ्याने ठेवलेली शेवटची बाटली. तो असता तर म्हणाला असता, निदान अर्धी तरी मला दे.

२० जुलै

संत इलियाचा दिवस. म्हाताऱ्या म्हणतात, आज तो आभाळातून रथ हाकतो. हाकला! भर दुपारी अंधारून आलं आणि वारा असा सुटला की छत्र्या एकामागून एक उलट्या. मांजरांची उडून थेट चर्चच्या रस्त्याला. मी वाफ्यात दोन हातांत दोन छत्र्या धरून उभी. कपाळाला गारा.

त्सोंका फाटकातून ओरडत होती, “घरात ये गं वेडे! वीज पडेल अंगावर!”

“पडू दे! तिला म्हणावं, आधी माझ्याशी बोल!”

वीज पडली नाही. पण दहा झाडं मोडून पडली. अंग ठणकतंय. एकोणीस उभी आहेत.

२६ जुलै

ऊन. अखेर ऊन! पण आधीच्या ओलीने काम केलंच होतं. आणखी बारा उपटली. काहींवर हिरवी फळं होती, तळव्याएवढी, एका बाजूने तपकिरी. एकेक हातात घेऊन आगीत टाकलं.

सात राहिली. त्सोंका म्हणाली, “सोड आता. सातांसाठी कशाला जीव काढतेस?”

तिला म्हटलं, “सात म्हणजे शून्य नव्हे.”

३ ऑगस्ट

तीन दिवसांत एकही नवा डाग नाही. लिहिताना भीती वाटतेय.

९ ऑगस्ट

पहिल्या फळाच्या खांद्यावर गुलाबी झाक.

१४ ऑगस्ट

स्नेझा आली. दोन दिवस बसचा प्रवास करून, स्पेनहून. उद्या चर्चचा मोठा सण, गावात गाड्याच गाड्या. माझी लेक तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये टोमॅटोच भरते. अंगणातल्या छत्र्या बघून तिने कपाळावर हात मारला.

“आई, लोक काय म्हणत असतील! सात झाडांसाठी? तिथे माझ्या हातावरून रोज हजारो जातात.”

“त्यातला एक तरी खातेस?”

“...नाही.”

मी एक कापला. जाड फोडी, मीठ, वर पांढरं चीज किसून. उभ्याउभ्याच खाल्ला तिने, रस कोपरापर्यंत. ताटलीतलं पाणी पावाने पुसून घेतलं. मग म्हणाली, “आजीच्या अंगणात आहे असं वाटलं.” आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती.

१८ ऑगस्ट

स्नेझा गेली. यंदा टोमॅटोच्या बरण्या नाहीत तिला द्यायला, एकही नाही. नुसते चार टोमॅटो, वर्तमानपत्रात गुंडाळून. अंड्यांसारखे सांभाळत नेले तिने मांडीवर.

२ सप्टेंबर

बी धरलं! सगळ्यांत चांगल्या दोन झाडांची आठ फळं. गर काचेच्या ग्लासात तीन दिवस आंबवला, धुतला, कागदावर वाळत घातला. एकशे नव्वद बिया, दोनदा मोजल्या. त्सोंकाला वीस दिल्या, दोन घरं पुढच्या स्तानाला वीस. एका घरात ठेवायचं नाही आता. उंदीर असो, करपा असो, मी असो – काही झालं तरी बी राहिलं पाहिजे.

दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं: “सात झाडं! मिंचोच्या बटाट्यांच्या नाकावर टिच्चून!” सगळे हसले. तो नव्हता तिथे.

११ सप्टेंबर

माझ्या कुंपणालगतच्या, डुकराच्या जुन्या खोपटामागे आज साफसफाई केली. खांद्याएवढी खाजकुयली, उन्हाळाभर तिकडे फिरकले नव्हते. ती कापली तर खाली ढीग. मार्चमध्ये तळघरात सडलेले बटाटे मीच तिथे ओतले होते. ते रुजले होते. वीसेक वेल, आता नुसते बुडखे – विळ्याने जमिनीलगत कापलेले, काळे, वर चुन्याचा जाड थर. तो चुना मी टाकलेला नाही.

तिथून सरळ मिंचोच्या फाटकाशी गेले. तो सरपण रचत होता.

“तू कापलेस?”

“हो.”

“कधी?”

“माझे काढले त्याच दिवशी. माझ्या बाजूने दिसत होते. माझ्याआधी तेच काळे पडले होते.”

“मग तोंड का नाही उघडलंस? अख्ख्या गावासमोर मी तुला...”

त्याने लाकूड नीट बसवलं. “सांगितलं असतं, तर शरमेने तू टोमॅटोची सगळी झाडं उपटून टाकली असतीस.”