तेवीस नंबरची वायर

प्रिय ताई,

अक्षर ओळखून पत्र फाडशील, म्हणून पहिलंच सांगते, आधी वाच, मग फाड. आज तीन वाजता तुला पांढऱ्या गाडीत बसवून कायमची घरी धाडणार, हे मला खाली हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर कळलं. तुझ्या खोलीबाहेर मॅनेजरने ड्रायव्हरला खुर्ची टाकून बसवलंय. तो मला आत सोडत नाही. माझ्या तोंडावरच लिहिलंय म्हणे, की ही काहीतरी करणार. म्हणून हे पत्र तुझ्या धुऊन आलेल्या टॉवेलच्या घडीत घालून पाठवतेय. एवढे कागद मी दहावीच्या परीक्षेतसुद्धा लपवले नव्हते.

आधी राग काढते. दीड वर्ष तू आईला सांगतेस, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आई बिचारी शेजारच्या काकूंना दाढ उपटू देत नाही, थांबा म्हणते, आमची मोठी सुट्टीला आली की विचारू. मला तेव्हाच संशय आला होता. दवाखान्यात बसणारी बाई दर फोनला 'घसा बसलाय, नंतर बोलते' म्हणून कशी ठेवेल? मला वाटलं, प्रेमात पडून रडत असशील. रोज रडण्यासारखा माणूस कोण, ते शोधायला मी तुझ्या जुन्या वह्यासुद्धा चाळल्या. चिडू नकोस, काही सापडलं नाही. आणि मी तरी कुठली धुतल्या तांदळाची! हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचा क्लास करते सांगून पंधरा दिवसांपूर्वी मी साउंडवाल्या काकांकडे वायरी ओढायला लागले. आईला दोनच मुली, दोघी तिला शेंडी लावतात, आणि दोघी एकाच स्टेजवर निघाल्या.

आता शनिवारचा कार्यक्रम. तुला पडद्यामागून दिसलं नसणार, म्हणून सांगते. तुमच्या मॅडमला आम्ही वायरवाले 'तुफान' म्हणतो. वय साठीच्या पुढे, अंगात चमचमणारं जाकीट, आणि स्टेजवर आल्या की मैदानातली माणसं खुर्च्यांवर चढतात. पहिल्या दिवशी मीपण चढले, काकांनी पायाला धरून खाली ओढलं. पण दुसऱ्या कार्यक्रमापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शो संपला की सगळे माइक पुसायचं काम माझं. गाणाऱ्याचा माइक म्हणजे घाण असते बघ. थुंकी, घाम, बायकांचा असेल तर लिपस्टिक. मॅडम दीड तास माइक गिळल्यासारख्या ओरडतात, लाल भडक लिपस्टिक लावतात, आणि त्यांच्या माइकची जाळी कोरडी ठणठणीत! मी काकांना दाखवली. काका म्हणाले, पूस आणि गप बस. गप बस म्हटलं की मला गप बसवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

मग मी पेटी बघितली. स्टेजच्या कडेला एक पेटी असते, सगळ्या माइकच्या वायरी तिच्यात खुपसायच्या. तिथून एक जाडजूड केबल समोर शंभर पावलांवर काकांच्या मिक्सरला, म्हणजे ज्या फळीवर प्रत्येक नंबराचं आवाजाचं बटण असतं तिला, जाते. पेटीतल्या प्रत्येक भोकाला नंबर, नंबराखाली पट्टी, पट्टीवर नाव. एक नंबर मॅडम. पुढे गिटार, ड्रम, बाकीचे सगळे. तेवीस नंबरची पट्टी कोरी. विचारलं तर म्हणे, जादाची आहे, हात लावायचा नाही. जादाची वायर कुणी रोज मन लावून जोडतं का? ती वायर मागच्या काळ्या पडद्याखालून आत जात होती, आणि पडद्यापाशी मॅनेजर स्वतः उभा. शिवाय गाणं सुरू झालं की काकांचा हात तेवीसच्या बटणावर, गाणं संपून मॅडम लोकांशी बोलायला लागल्या की एक नंबरवर. म्हटलं, धरली चोरी! पडद्यामागे टेप लावतात आणि बाई नुसती तोंड हलवते. मला पितळ उघडं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. तुझी शप्पथ, आत माणूस असेल असं मनातसुद्धा आलं नाही. तुला काचा काळ्या केलेल्या गाडीतून आमच्या आधी आणून बसवतात, आम्ही गेल्यावर नेतात, हॉटेलातही वेगळ्या मजल्यावर ठेवतात, हे मला कुठून कळणार?

तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी गिटारवाला एकटा मिनिटभर धिंगाणा घालतो. तेवढ्या गोंगाटात प्लग काढला तरी 'टप्प' ऐकू येत नाही. मी दोन्ही प्लग काढले. एकची वायर तेवीसमध्ये, तेवीसची एकमध्ये. आणि स्पीकरातून मॅडमचा खरा आवाज आला. ताई, जड लोखंडी दार सरकवावं तसा. वरचे सूर तर लागतच नव्हते. पहिल्या ओळीला त्या दचकल्या, मागे पडद्याकडे बघितलं, मला वाटलं आता माइक टाकून पळतील. पळाल्या नाहीत. डोळे मिटून पूर्ण कडवं म्हटलं. पुढच्या रांगेतली पोरं ओरडायची थांबली. मी त्यांना हसायला म्हणून बसले होते आणि मला हसू येईना. तुझ्यासारखं नव्हतं ते, पण त्यांचं स्वतःचं होतं.

तिकडे काकांची त्रेधा उडाली. कुठलं बटण कुणाचं कळेना, शेवटी त्यांनी एक नंबर पूर्ण वर ढकलला, नेमकं गाणं संपलं तेव्हा. मॅडम तोंड मिटून उभ्या, सगळं मैदान शांत, आणि आभाळातून यावा तसा आवाज आला, "दहापैकी सहा. शेवटी घाई केलीस." लोकांना वाटलं, मॅडम गंमत करतायत. वीस हजार माणसं हसली, टाळ्या पडल्या. मी एकटी हसले नाही. मोरीत कपडे धुताना गायचीस आणि प्रत्येक गाण्यानंतर स्वतःला मार्क द्यायचीस, तेही गाण्याच्या बाईंच्या नाकातल्या आवाजात. दुसऱ्या कुणाला माहीत नाही ते. मॅनेजर काकांकडे धावला होता. पडद्याआड शिरले, तर तू कानाला हेडफोन लावून, पाण्याची बाटली मांडीत धरून स्टुलावर. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि तेवढ्यात मॅनेजर परत आला. मी वायर गुंडाळायला लागले, अनोळखी असल्यासारखी. तूपण मान फिरवलीस. त्या फिरवलेल्या मानेने मला दोन रात्री झोप दिली नाही.

तेव्हापासून इथे प्रत्येक जण प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने बघतोय. काकांना वाटतं ड्रमवाल्याने केलं, ड्रमवाल्याला वाटतं काकांनीच पेपरवाल्यांना हाताशी धरलं. चहा पितानासुद्धा कपावर हात ठेवून पितात. मी कोपऱ्यात बसून म्हणत होते, चार दिवसांत थंड होईल. आणि आज सकाळी कळलं, गुन्हेगार सापडला. तू मॅनेजरला लिहून दिलंस, 'वायरी मीच बदलल्या, माझं नाव व्हावं म्हणून.' ताई, तू? बल्ब गेला तर अंधारात बसून मला हाका मारणारी तू? दुसरीही शंका येते मला, खरं सांग. तू मला वाचवायला स्वतःचं नाव पुढे केलंस, की तुलाच त्या स्टुलावरून सुटायचं होतं? सुटायचं असेल तर खुशाल सुट, पण तसं त्याच्या तोंडावर सांगून सुट. माझ्या उचापतीच्या आडून नको.

पत्र का लिहिलं ते आता ऐक. मी सकाळीच मॅनेजरकडे जाऊन सगळं कबूल केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्लगसकट. तो हसला. गेल्या आठवड्यात मी वॉकीटॉकीवर मॅडमचा आवाज काढून त्याला चार मजले पळवलं होतं, त्याच्या खोलीवर 'धुलाई चालू' अशी पाटी लावली होती. तो म्हणाला, "ही थाप नेहमीपेक्षा बरी आहे. पळ." काकांना सांगितलं, त्यांनीही कान पिळून हाकललं. जन्मात पहिल्यांदा खरं बोलले आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नाही. चूक त्यांची नाही. मी खरं बोलतेय हे त्यांना पटवू शकेल अशी एकच बाई आहे, आणि ती खोटं लिहून देऊन बसलीय. ड्रायव्हर बॅग उचलायला आला की त्याला म्हण, मॅनेजरला बोलाव. त्याला खाली टेम्पोत चढवायला ठेवलेल्या पेटीपाशी घेऊन ये आणि म्हण, या वायरींतली मॅडमची कुठली ते मला ओळखता येत नाही. बस्स, एवढंच म्हण; जी ओळखता येत नाही ती वायर तू बदलणार कशी? मला काढलं तर काढू दे, वायरी सगळीकडे असतात. तुझा गळा दुसऱ्या कुणाकडे नाही. मी पेटीपाशी उभी आहे, आणि आज कुणाचीही गंमत करत नाहीये.

तुझीच, या वेळी अगदी खरी,
भिंगरी