साबणावरची कविता

बाई,

टक, टक-टक, टक. तुमच्या बोटातली तांब्याची अंगठी बाकावर वाजायची. शाळेच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा, लूमचा खडखडाट, आणि त्यावर मात करून तुम्ही आम्हाला कवितेचा ठेका द्यायचात. अजून डोळे मिटले की भिवंडीतले सगळे लूम गप्प होतात, तेवढी अंगठी ऐकू येते.

सातवीत मी पहिली कविता लिहिली. माझे वडील सायझिंगच्या कारखान्यात सुताला द्यायची खळ शिजवत. तिच्यावर साय धरू नये म्हणून जरासा साबण टाकत. त्या साबणावर. तुम्ही वाचलीत, हसलात. "साबणावर कविता होत नाही रे बाळा. नदीवर लिही." मग जन्मभर मी नदीवरच लिहीत राहिलो.

आता माझं ऐका. सांधे आखडून पेन धरवेना, म्हणून मी प्रतिपिंडांचं इंजेक्शन घेतो. पहिल्यांदा ते खोकल्याच्या बाटलीसारखं हलवायला गेलो, तर नातीने हात धरला. ती असल्याच औषधांच्या प्रयोगशाळेत आहे.

"आजोबा, हलवायचं नाही. प्रतिपिंडं पृष्ठभागावर आली, हवेला भिडली, की उलगडतात, एकमेकांना चिकटतात. औषध वाया."

"मग त्यांना वर येऊ कोण देत नाही?"

"साबणाच्या जातीचं काहीतरी घालतात, अगदी थोडं. त्याचे कण लहान, आधी पोचून जागा अडवतात. प्रतिपिंडं खाली शाबूत. हलवलंत की नवा पृष्ठभाग, पुन्हा शर्यत."

म्हणजे वडिलांची खळच की, बाई. त्याच रात्री सातवीतली ती कविता मी नव्याने लिहून काढली.

उद्या शेलार गावात तुमच्या आठवणींचा कार्यक्रम आहे. आपल्या वर्गातला एकजण तो भरवतोय. काल त्याचा फोन. "बाईंच्या फोटोसमोर साबण वाचणार? येडा हायस काय रं? नदीची वाच, नाय तर यादीतनं तुझं नाव काढतो."

"काढ," म्हटलं. नाव काढलं तरी उभा राहून वाचणार. स्वतः वर उभं राहून दुसऱ्याला खाली शाबूत ठेवणारा तो कण. त्याच्यावर कविता होत नसेल, तर कशावर होते?

हे पत्र वहीतच राहील. एक मात्र कबूल करतो. तुमच्याशी भांडणारी ही कविताही तुमच्याच ठेक्यावर बसलीय. मला दुसरा येत नाही.

दार वाजतंय. टक, टक-टक, टक.

उघडून आलो, बाई. तुमची लेक आलीय. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, अंगठीवरून ओळखलं. बसायच्या आधीच म्हणाली, "काका, ती साबणाची कविता पुरी ऐकवा. आईला पहिल्या दोनच ओळी पाठ होत्या."