तळ्याकाठच्या शिळेचा मजकूर

प्रिय अण्णा,

काल वाचनालयात तुझी शोकसभा झाली. वरच्या तळ्याकाठी तुझ्या नावाची शिळा बसवायचं ठरलं आणि धाकटा भाऊ म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय. शब्द सुचत नाहीत, नुसती किळस येतेय. म्हणून तुलाच लिहितो.

सभेत आपले तात्याकाका बोलले. "डोंगरावरच्या निर्मळ पाण्याचा वेडा होता हो आमचा अण्णा!" असं म्हणून त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. निर्मळ! त्यांच्या तोंडी तो शब्द!

आश्विन लागून पाऊस ओसरला की आपण रत्नागिरीहून निघायचो. घाटाखालच्या गावातून सखाराम पुढे व्हायचा, कारण धुक्यातली वाट त्यालाच ठाऊक. सोनकीने पिवळे झालेले उतार, वर चढत गेलेली ती तीन तळी! शेवटच्या तळ्याशी पोचलास की तू एकटाच हसत सुटायचास. सखाराम मात्र लांब दगडावर बसायचा. महार ना तो! आपण वरून पाणी ओतायचं आणि त्याने ओंजळीत झेलायचं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून टाकतो.

त्या वर्षी तू म्हणालास, "सखाराम, ये खाली. आपल्या हाताने पी."

"नको वो अण्णा, गावात कळलां तर माझां घर ऱ्हायचां नाय."

"सांगतंय कोण? आपण तिघंच तर आहोत."

तो भीत भीत उतरला, पोटभर प्याला. आणि सांगितलं कोणी? मी! घरी पानावर बसल्यावर, तुझं कौतुक करायला गेलो. तात्यांचा हात भातातच थांबला.

आठ दिवसांत ते भटजींना घेऊन वर गेले. आपल्याच घरातला माणूस हवा म्हणून पंचगव्याचा कलश माझ्या हातात दिला आणि मी तो निमूट नेला. तळ दिसणाऱ्या त्या पाण्यात मी शेण-गोमूत्र ओतलं, अण्णा! हिरवट तवंग काठाला लागला. पाणी शुद्ध झालं म्हणून सगळ्यांनी त्याचंच आचमन केलं. मीसुद्धा. खाली सखारामच्या घरावर धोंडे पडले, त्याला कोणी काम देईना.

तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. पुढे दर आश्विनात मला न विचारता एकटाच सखारामकडे जायचास. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास! तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

आता शिळेवर काय लिहू? 'निसर्गप्रेमी'? शी!

सखारामचं नाव घालणार नाही, त्याला त्याच गावात राहायचंय. ज्या पाण्यात मी शेण ओतलं, त्याच्या काठी तुझंही घालू देणार नाही. उद्या वाचनालयात तात्यांसमोर उभा राहीन. पंक्तीतून उठवलं तर उठवू देत. शिळा बसवायचीच असेल तर तिच्यावर एवढंच कोरा म्हणून सांगेन: हे पाणी मी बाटवलं. खाली माझं नाव.

तुझा धाकटा,
माधव