बाळाला कोण बघणार?

बाई, काल हजेरी घेताना तुमची आठवण आली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण आला खरा. गेले काही दिवस जिवाला चैन नाही. वर्गात मन लागत नाही, घरी आले की ओट्याजवळ उभं राहवत नाही, उगाच कुणावर तरी खेकसते. नवरा म्हणतो, बीपी तपासून घे. बीपीला काय धाड भरलीय! डोक्यात किडा वळवळतोय, आणि तो माझ्याच लेकीनं सोडलाय.

लेक दहावीला आहे, इंग्रजी शाळेत. त्यांच्याकडे वादविवाद स्पर्धा होती. विषय काय, तर मोफत शिक्षणामुळे सगळ्यांना समान संधी मिळते का. बाईसाहेब 'मिळते' या बाजूनं बोलणार होत्या. मी वरणाला फोडणी देत होते, तर मागून येऊन गळ्यात पडली. म्हणाली, "आई, तूच माझा बेस्ट पॉइंट आहेस. पेठच्या डोंगरातली मुलगी, एक रुपया फी नाही, आणि आज टीचर. इंदिरानगरात फ्लॅट. अजून काय पुरावा पाहिजे?" मी म्हटलं, "हो की." आणि मोहरी करपली. वरणाला कडवट वास लागला, तरी सगळे गुपचूप जेवले, कारण माझं तोंडच तसं झालं होतं.

पुरावा! बाई, तुम्हाला तरी पटलं असतं का हो? आपल्या त्या शाळेत फी नव्हती, पुस्तकं शाळेची होती, पाटीसुद्धा तुम्ही द्यायचात. तरी सुरुवातीला वर्गात मुली नव्हत्याच. आमच्या आया भाताच्या खाचरात, आणि आम्ही घरी धाकट्यांना कडेवर घेऊन बसलेल्या. तुम्ही येवल्याहून बदली होऊन आलात, आठवडाभर पाड्यापाड्यातून हिंडलात आणि मग कुणाला उपदेश न करता एक काम केलंत. तुमची जुनी हिरवी सुती साडी वर्गाच्या आढ्याला बांधलीत. झोळी. म्हणालात, "या पोरींनो, घेऊन या त्यांना." आम्ही आलो. झोळ्या वाढत गेल्या. एका हातात झोळीची दोरी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, असे मी पाढे शिकले. अजूनही सातचा पाढा म्हणताना माझा डावा हात हलतो, आणि वर्गातली पोरं फिदीफिदी हसतात.

तपासणीला साहेब आले होते तो दिवस मला लख्ख दिसतो. साहेब दारातच थबकलेत. एक बाळ रडतंय, एकानं नुकतीच लघवी केलीय, आणि तुम्ही एका बाळाला खांद्यावर थोपटत फळ्यावर भागाकार लिहिताय. साहेब म्हणतात, "अहो, ही शाळा आहे का पाळणाघर?" तुम्ही खडू खाली ठेवता आणि शांतपणे म्हणता, "झोळ्या आत्ता काढते साहेब. फक्त या मुली उद्यापासून आल्या नाहीत तर चालेल, एवढं लिहून द्या." साहेबांनी चहा घेतला आणि निघून गेले. तुमचं ते बोलणं ऐकून मला वाटलं होतं, मोठं होऊन आपण असंच बोलायचं.

पण झोळी चालायची दिवाळीपर्यंत. दिवाळी झाली की आमची माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरायची, दिंडोरीकडं, पिंपळगावकडं. पार उन्हाळ्यापर्यंत बागेतच मुक्काम. आख्खा वर्ग रिकामा व्हायचा. एका वर्षी तुम्ही मला तुमच्या खोलीत ठेवून घेतलंत. मला म्हणजे मला एकटीला. माझ्या शेजारी जी बसायची, ती माझ्यापेक्षा हुशार होती, बाई. हे तुम्हालाही ठाऊक होतं. तोंडी गणितात माझी बोटं मोजून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. पण माझा भाऊ त्या वर्षी चालायला लागला होता, त्याला माझी गरज उरली नव्हती. तिच्या आईला मात्र नुकतंच मूल झालं होतं. आई बागेत काम करणार, तर बाळाला कोण बघणार? म्हणून ती गेली आणि मी राहिले. एवढंच झालं. हुशारी नाही, मेहनत नाही, माझा भाऊ वेळेवर चालायला लागला.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही स्टोव्हवर भाकरी भाजत होतात, मी ताट घेऊन बसले होते. म्हटलं, "बाई, तिला का नाय ठेवलं?" तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात, "गप! खा गुमान!" तुम्ही कधी ओरडत नसायचात. मग तुम्ही पाठ फिरवून स्टोव्हला पंप मारत बसलात. स्टोव्ह तर चांगला भडकलेला होता. दिवाळी सरून शिमगा आला, उन्हाळा लागला, पण तो विषय आपण पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही.

तर मी लेकीला हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तोवर दुसरंच प्रकरण गळ्यात आलं होतं. आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती सुरगाण्याकडची. आपलीच माणसं. जूनमध्ये तिच्या मुलीला मी स्वतः माझ्या महापालिकेच्या शाळेत, माझ्याच वर्गात घातलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, खिचडी फुकट. आता काय अडचण?" पोरगी चुणचुणीत. गणपतीपर्यंत रोज आली आणि मग यायची बंद झाली. मी हजेरीला नाव घ्यायची, उत्तर नाही. मागच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी होती म्हणून मी सकाळी घरी होते. तिची आई भांडी घासत होती. मी तिला फैलावर घेतलं, "सगळं आयतं मिळतंय तरी पोरीला घरी बसवतेस? लाज वाटत नाही?" तिनं कढईवरचा हात थांबवला नाही. म्हणाली, "मॅडम, सासू गावाला गेली. पोरगी शाळेत आली तं बाळाला कोण बघल? सकाळच्याला मी तुमच्याकडंच असते ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, बाई. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

तोंडात मारल्यासारखं झालं. मी सकाळी शाळेत जाते, मुलांना शिकवायला. माझ्या ओट्यावरची भांडी घासायला ती येते. तिचं बाळ सांभाळायला तिची मुलगी घरी राहते. आणि मी शाळेत बसून त्याच मुलीच्या नावापुढे गैरहजर लिहिते. घरी येते तेव्हा भांडी लख्ख असतात. आणि पोरगी शिकेना म्हणून दोष पुन्हा तिच्या आईलाच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ते हेच.

गप्प नाही बसले हां. तिला म्हटलं, तू दुपारी ये. ती हसली, "तुमच्या एकट्याचं दुपारी केलं तरी बाकीच्या ताया ऐकतील का? त्यांना डबे करायच्या आत भांडी पायजेत." खालच्या गल्लीतल्या पाळणाघरात गेले. तिथल्या बाईनं मूल कुणाचं ते विचारलं, मी सांगितलं, आणि लगेच जागा भरल्याचं कळलं. मुख्याध्यापकांना विचारलं, बाळ वर्गात आणलं तर? ते म्हणाले, "मॅडम, कॅमेरे आहेत. बाळ पडलं तर कोण निस्तरणार?" मला तुमचे साहेब आठवले. तुमचं उत्तरही आठवलं, अगदी जिभेवर आलं. आणि मी म्हटलं, "बरोबर आहे सर." नोकरीची भीती हो, दुसरं काय. शिवाय आमच्या वर्गाला स्लॅब आहे, झोळी बांधू कुठं, अशी मी मनाची समजूतही घातली.

स्पर्धा झाली. लेकीनं पहिलं बक्षीस आणलं. माझं नाव घेतल्यावर टाळ्या पडल्या म्हणे. ती खुशीत होती, म्हणून मी हळूच विषय काढला. तिची शाळा दुपारची. सकाळी ती घरीच असते, खोलीचं दार लावून अभ्यास करते. तिला त्या पोरीचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ते बाळ सकाळी आपल्याकडे झोपवलं तर? बहुतेक वेळ झोपलेलंच असतं. तू फक्त लक्ष ठेव, सासू परत येईपर्यंत. म्हणजे ती पोरगी शाळेत येईल." लेक उसळली. "आई, वेडी आहेस का? माझं दहावीचं वर्ष आहे! मी काय बाळ सांभाळत बसू?" माझी पंधराची आहे, बाई. ती पोरगी नऊची.

मी यावर काहीतरी बोलायला हवं होतं. तुम्ही बोलला असतात. निदान, तिचंही चौथीचं वर्ष आहे, एवढं तरी. मी म्हटलं, "राहू दे बाळा, तू अभ्यास कर." तिला दूध करून दिलं आणि दार ओढून घेतलं, आवाज नको म्हणून. उद्या सोमवार. त्या पोरीची आई नेहमीप्रमाणे भांड्यांना येईल, मी हजेरी घेईन.

तुमचा राग का आला, ते आता लिहिता लिहिता कळतंय. तुम्ही मला ठेवून घेतलंत, आणि मी जन्मभर समजत राहिले की मला शाळेनं वर काढलं. शाळा तर सगळ्यांनाच फुकट होती. तुमच्या खोलीत मात्र जागा एकीचीच होती. तुम्हाला ती कमी पडली, म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडलात. माझ्या घरात आख्खी खोली आहे. आणि लेक नाही म्हणाली ना, बाई, तेव्हा मला हायसं वाटलं. तुम्ही असतात तर हे तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं. लेकीला बक्षीस मिळालं, एवढंच कळवलं असतं.