सोळा लाल चिमटे

१२ मार्च, गुरुवार
चाचणी विभाग, जेवणाची सुट्टी

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थोडा कुरकुरतो, तक्रारी मात्र ठणठणीत आहेत. तुझ्या भावोजींनी पेपरातला तुझा फोटो कापून फ्रिजवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "ही आमची मेव्हणी!" मी दूध काढायला गेले की तू माझ्याकडे बघून हसतेस. रोज सकाळी, रिकाम्या पोटी.

मुलाखत दोनदा वाचली. बरं बाई, पाचदा वाचली.

'मेटामटेरियल' हा शब्द आला तशी आई म्हणाली, "म्हणजे नक्की करते काय गं ही?" मग मीच समजावलं. साधंच प्लास्टिक, पण त्याची जाळी केलेली. जाळीत शेकडो कप्पे, प्रत्येक कप्प्यात बारीक काडीवर एक छोटं वजन. खालून थरथर आली की ही वजनं उलटी डुलतात आणि थरथर तिथेच जिरते, वर पोचत नाही. करामत प्लास्टिकची नाही, रचनेची. आई म्हणाली, "किती हुशार गं पोर माझी!" समजावलं मी, हुशार तू.

आणि काय गं, "लहानपणी आईच्या शिलाई मशीनखाली बसून मला ही कल्पना सुचली" म्हणे. तुला? टेबल थडथडायचं, कात्री खाली पडायची, म्हणून टेबलाखाली तारेला नट बांधून टांगणारी कोण होती? तीन दिवस मी तार कमी-जास्त करत होते. तू बॅटरी धरून बसायचीस, तीही माझ्या डोळ्यांवर. थडथड थांबली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, म्हणून आईने तुला उचलून घेतलं. मी खाली टेबलाखालीच.

तीस वर्षं झाली. वाटलं होतं, विसरले. कसलं काय! ते वाक्य वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

तुझी जाळी सोमवारी आमच्याकडे आली. रुग्णवाहिकेतून नवजात बाळांना नेतात, त्या पाळण्याखाली बसवायची ती. चाचणी माझ्याकडे. आपलं नातं मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे तुझंच विचारत बसले असते. मंगळवारी पाळण्यात बाळाच्या वजनाची वाळूची पिशवी ठेवली, रुग्णवाहिकेसारखं थरथरणारं चाचणीचं टेबल सुरू केलं. जाळीचा उपयोग शून्य. तसं लिहून सही केली.

काल तू फोनवर रडलीस. शुक्रवारी समिती तुझं काम कायमचं बंद करणार म्हणालीस. वर म्हणालीस, "ताई, चाचणी तू घेतलीस म्हणजे चूक माझीच असणार. गणित पुन्हा बघते." मी काय म्हटलं? "होतं असं. जेवून घे."

इथवर लिहून डबा उघडला होता, परत बंद केला.

पिटुकले, तुझं गणित बरोबर आहे.

प्रवासात काड्या मोडू नयेत म्हणून तू जाळीच्या कडेला सोळा लाल चिमटे लावले होतेस, एकेका चिमट्याने वजनांची एकेक ओळ जखडलेली. तुझ्याच अक्षरात चिठ्ठी होती, "बसवल्यावर चिमटे काढावेत." मी विसरले, असं लिहायचं ठरवून हे पत्र सुरू केलं होतं. विसरले नव्हते गं. हात पहिल्या चिमट्यापर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला. म्हटलं, बघू दे हिलाही एकदा, आपलं काही न चालणं कसं असतं ते. सही करताना मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तुझा फोन येईपर्यंत.

आज सकाळी लवकर येऊन चिमटे काढले आणि टेबल पुन्हा सुरू केलं. पाळण्याच्या काठावर पाण्याचा पेला ठेवला. खाली सगळं थरथरतंय आणि वर पाणी ढिम्म हलेना. इतकं कौतुक वाटलं तुझं! आणि तिथेच उभी राहून पुन्हा जळले. दोन्ही एकदमच झालं, काय करू?

साहेबांना सगळं सांगितलं, नातंसुद्धा. पहिला निकाल रद्द करून नवा समितीला गेला. हे पत्र पोचेल तोवर तुझी बातमी तुला कळलेली असेल. मी उद्यापासून घरी, चौकशी होईपर्यंत. आईला मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. फोनवर तू मला लगेच माफ करून टाकशील, तुझी ती खोडच आहे, म्हणून हे पत्र.

आता कुठल्या मुलाखतीत माझं नाव घेऊ नकोस, मला सोसायचं नाही. फक्त कधीतरी, दोघीच असू तेव्हा, म्हण की तार मी बांधली होती.

पाकिटात पंधरा चिमटे आहेत. सोळावा मी ठेवून घेतलाय. पुन्हा तुझा फोटो छापून येईल तेव्हा स्वतःला जखडायला लागेल मला.

तुझ्यावर जळणारी, पण तुझीच,
ताई