सोमवारपासून बाबांहून थोरला

किरुना, ३ एप्रिल

प्रिय आई,

तू विणलेले मोजे पोचले. तिकडे स्कोनेत फुलं आली असतील, इथे अजून बर्फच आहे. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल दवाखान्यात नळीत जोरात फुंकून दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असाच धुरापासून लांब राहा, टोर्नी, चांगला खवचट म्हातारा होशील!" यकृताची तपासणी तेवढी परत करायची आहे. नेहमीचंच, मनाला लावून घेऊ नकोस.

फुप्फुसांचा आणि यकृताचा हा आजार मला निम्मा बाबांकडून आला, निम्मा तुझ्याकडून, म्हणून तू अजून झुरतेस. पण बाबा गेल्यावर माझ्या रक्तातही तोच निघाला, तेव्हा माशांना धुरी द्यायच्या आपल्या धुरीघराच्या दाराला खिळे कोणी ठोकले? तूच ना? हिल्डिंगकाका बंदरावर सगळ्यांना सांगत सुटले, "धुरीवाल्यांची सून आता धुरीची वाम विकत आणते!" तू मान ताठ ठेवून विकत आणलीस. त्यानेच माझी छाती टिकली.

सोमवारी मला अठ्ठेचाळीस पूर्ण होतील. बाबांना त्यांचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दिसला नाही. ते गेले तेव्हा अंगणातला झेंडा तू अर्ध्यावर आणला होतास. सोमवारी तो पार टोकापर्यंत चढव, काकांच्या खिडकीतून दिसेल असा.

तुझा,
सोमवारपासून बाबांहून थोरला,
टोर्नी