कासवाच्या खेळाची केस

१२ जानेवारी १९७६, हिंगोली
खेळ तयार झाला एकदाचा. ह्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागं दिवाळीपासून खुडबूड चालू होती. लाकडी पेटी, वर काच, आत मी फळीवर रंगवलेला समुद्र. आमी दोघांनीबी समुद्र पाहिलेला न्हाई. निळा रंग दोनदा संपला.
पत्र्याची कासवीण फळीवर, फळीखाली फुटक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक. रेडिओचं स्टेशन लावतात तसली दोन बटणं फिरवायची, आतली दोरी चुंबक ओढते. एका बटणानं कासवीण आडवी जाते, दुसऱ्यानं वरखाली. शार्क, जाळं, अष्टपाद, सगळ्यांतून तिला किनाऱ्यावर न्यायचं, अंडी घालायला. कशाला टेकली की घंटी. पोचली की दिवा.
आज माझी दहा वेळा घंटी वाजली. हे हसून हसून बेजार.

१९ जाने.
जवळच्या गोरेगावचा बाजार. दहा पैशाला एक डाव, जिंकेल त्याला बिस्किटाचा पुडा. गर्दी हटंना. एक म्हातारी नुसती बघतच उभी. म्हणाली, "अंडी घालायला चालली व्हय? मग येवढे दुश्मन काहून ठेवले गं बाई तिच्या वाटंत?"

२ फेब्रुवारी
परत गोरेगाव. दुपारी जीप आली. पोलीस ठाण्याचे जमादार उतरले. "पैसे लावायचे, बक्षीस घ्यायचं. जुगारच की हा." हे म्हणाले, साहेब, एक डाव खेळून तर बघा. ऐकलं न्हाई. पेटी जीपमधी आडवी टाकली, ह्यांना तिच्या बाजूला बसवलं. लोक पांगले. बिस्किटाचे पुडे तसेच चादरीवर.
एकटी परत आले. सासूबाईला काय सांगायचं हे वाटंत ठरवत होते, पण बातमी माझ्याआधी घरी पोचलेली.

३ फेब्रु.
जामीन झाला. हे आले. जेवले न्हाईत. मारलं का, विचारलं. "न्हाई." मग, "पेटी आडवी टाकली, दोरी सुटली असंल आतली."

६ फेब्रु.
वकिलाकडं. आमच्या समाजातलेच, ह्यांना लहानपणापासून ओळखतात. "जयभीम. बसा. कबूल करा, किरकोळ दंड होईल, मोकळे व्हा. आणीबाणी चालू आहे, दिवस बरे नाहीत."
पण ह्यांचा टेलिफोन खात्यात अर्ज आहे. मुलाखत नांदेडला कधीबी लागंल. गुन्हा कबूल केला तर पोलीस दाखला कसला देतात! मी म्हटलं, जुगार न्हाईच तो, हाताचा खेळ आहे. वकील म्हणाले, "मग ते कोर्टात दाखवावं लागेल. आणि नाही दाखवता आलं तर?"
ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

७ फेब्रु.
भांडण. सासूबाई, "पोरगं आत गेल्यावर तुझी चित्रं चाटायची का?" हेबी त्यांच्याच बाजूनं. म्हणतात कबूल करतो, नोकरी गेली तर गेली. मी म्हटलं, करा. पण मंग आपण चोर होतो असं सही करून द्यायचं, हे ध्यानात ठेवा. उठून दुकानात गेले.
बोलायला नको होतं इतकं. पण खोटं काय बोलले?

९ फेब्रु.
सकाळी दाढी करता करता, आरशातच बघत, "लढू."

२३ फेब्रु.
कोर्ट. सरकारी वकील म्हणाले, नशिबाचा खेळ. आमच्या वकिलांनी प्रात्यक्षिक मागितलं. मॅजिस्ट्रेट साहेब तरुण, चेहऱ्यावर काही दिसत न्हाई. म्हणाले, दाखवा.
पेटी आणली. कोपरा फुटलेला. ह्यांनी दोरी ताणली, नवे सेल घातले. मला पुढं केलं.
पहिल्याच शार्कला घंटी. कोर्टात कुणीतरी हसलं. दोरी सैल होती, बटण फिरवलं की कासवीण थोडी उशिरा निघायची. ते समजून घेतलं. दुसऱ्या डावाला हळू हळू... जाळं, अष्टपाद... दिवा लागला. मला रडूच आलं.
सरकारी वकील लगेच, "हिनंच बनवलेला. हिला येणारच. दुसऱ्याला खेळू द्या."
साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं अन् जमादारालाच बोलावलं! त्यानं टोपी काढून ठेवली. पहिल्यांदा लगेच घंटी. दुसऱ्यांदा जाळ्यापर्यंत. तिसऱ्यांदा अष्टपादापाशी गेला, मान वाकडी करून, जीभ दातात धरून. घंटी वाजली तशी च्च केलं अन् म्हणाला, "साहेब, अजून एकदा?"
सगळं कोर्ट हसलं. साहेब न्हाई हसले. "बसा," म्हणाले. काहीतरी लिहिलं. निकाल ८ मार्चला.

१ मार्च
नांदेडचं बोलावणं आलं. मुलाखत ८ मार्चला. त्याच दिवशी.

५ मार्च
वकील म्हणतात, गैरहजेरीचा अर्ज देतो. साहेबांनी मानला तर ठीक, न्हाईतर वॉरंट. सासूबाई रोज विहारात जाऊन बसतात. हे दोन्हीकडची कापडं इस्त्री करतात, मंजे एकच सदरा आहे, त्यालाच दोनदा.

७ मार्च
हे म्हणाले, "न्हाई जात. निकालाला न्हाई दिसलो तर पळाल्यावाणी दिसंल." मी म्हटलं, मी दिसते ना. पेटी दोघांची आहे. "वॉरंट निघलं तर?" निघू द्या. तवर मुलाखत तर होईल.
ह्यांनी सदऱ्याची घडी घातली. मग, "जाऊ म्हणतेस?"
जा.

८ मार्च
कोर्टाचा व्हरांडा. हे सकाळच्या गाडीनं गेले. खिडकीतून हात केला.
वकिलांनी अर्ज दिलाय. शिपाई सांगतो, साहेबांनी बाजूला ठेवलाय, वाचला का न्हाई माहीत न्हाई. जमादार आलेत. माझ्याकडं बघून मान हलवली, ओळख दिली की काय, कळलं न्हाई.
नांदेडला आता ह्यांना आत बोलावलं असंल.
आतून आवाज आला. ह्यांचंच नाव. हजर आहे का? दुसऱ्यांदा.
मी उठते.